गवतकापणीचे यंत्र कसे निवडावे?

मृगाचा पाऊस पडून गेला की आपल्या भागातील माळ हिरवे होऊ लागतात आणि हस्ताच्या सुमारास तेच माळ कमरेइतक्या गवताने झाकून जातात. बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद या तालुक्यांत काय किंवा कलबुर्गीच्या आळंद तालुक्यात काय, ज्या घरांच्या वाट्याला थोडेबहुत पडीक रान वा कुरण आहे, त्या घरांत या दिवसांत एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. हे गवत कापावयाचे कोणी आणि कशाने? विळे घेऊन रांगेने बसणारी माणसे आता सहजी मिळत नाहीत, आणि मिळाली तरी मजुरीचा हिशेब गवताच्या किमतीपुढे जातो. उलटपक्षी पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर पुष्कळ अंगणांत दिसू लागले आहेत. साहजिकच ट्रॅक्टरमागे जोडावयाचे एखादे गवत कापणारे यंत्र घ्यावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. तथापि आमच्या विद्यार्थ्यांपैकी बरेच जण शेतकरी घरांतील आहेत, आणि जी वस्तू घेताना घरातील वर्षाची शिल्लक खर्ची पडते तिची पारख घरातल्या शिकत्या मुलालाही असावी, अशा समजुतीने हा लेखनप्रपंच आम्ही आरंभिला आहे.

यंत्राकडे वळण्यापूर्वी एका शब्दाविषयी सांगावेसे वाटते. आमची घरची भाषा कोकणी. कोकणीत 'तण' म्हणजे गवत, गुरांची वैरण. मराठीत मात्र 'तण' म्हणजे पिकात माजलेले, उपटून टाकावयाचे नको असलेले रोप. शब्द एकच, पण एका घरी तो गोठ्यात जातो आणि दुसऱ्या घरी बांधाबाहेर. यंत्र विकत घेणाराने स्वतःला पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा, की आपल्याला कापावयाचे आहे ते कोकणीतले तण की मराठीतले? कारण या दोन कामांची यंत्रे वेगळी आहेत, आणि दुकानात उभे राहिल्यावर हा भेद कोणी आपण होऊन समजावून सांगेलच असे नाही.

बाजारात ज्याला 'स्लॅशर' म्हणतात ते चक्री कापणीयंत्र रचनेने अगदी साधे आहे. जाड पत्र्याची एक पालथी पेटी, तिच्या माथ्यावर दातेरी चाकांची डबी म्हणजे गिअरबॉक्स, आणि पेटीच्या पोटात आडवी फिरणारी दोन-तीन जड पाती. ट्रॅक्टरच्या पाठीमागे इंजिनाची शक्ती बाहेर देणारा जो दांडा असतो, ज्यास आपण पी.टी.ओ. म्हणतो, तो मिनिटास ५४० फेरे घेतो. गिअरबॉक्स हे फेरे वाढवून सुमारे हजारांवर नेते. चार फुटी यंत्राच्या पात्याचे टोक एका फेऱ्यात पावणेचार मीटर अंतर कापते. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहिल्यास त्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर भरतो. या वेगामुळेच पात्याला वस्तऱ्यासारखी धार लागत नाही. विळा गवत कापतो, कात्री ते दोन पात्यांत धरून चिरते. स्लॅशर मात्र त्यास प्रहार करून तोडतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात सेल्मा या गावी १९५१ साली 'बुश हॉग' या नावाने ट्रॅक्टरमागे जोडावयाचे असे यंत्र विक्रीस आले. त्यापुढे ते कुरणे आणि झुडपी राने साफ करण्यासाठी सर्वत्र पसरले. नावातला 'हॉग' म्हणजे डुक्कर. रानडुक्कर झुडपांत शिरल्यावर मागे काय उरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या यंत्राच्या कामाची कल्पना वेगळी द्यावयास नको.

प्रहाराने तोडलेले गवत तुकडे तुकडे होऊन मातीत विखुरते. ते गोळा करणे जिकिरीचे, आणि गोळा केले तरी धूळ-माती मिसळल्यामुळे गुरे ते आवडीने खात नाहीत. म्हणून गंजी रचण्यासाठी गवत हवे असेल तर स्लॅशर घेऊ नये, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो. देवणी गाय ज्या मुलखाची, तेथे ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. लातूर जिल्ह्यातील देवणी गावाचे नाव धारण करणारी, वानेरा, बालंक्या आणि शेवरा अशा तीन रंगरूपांनी ओळखली जाणारी ही जात उदगीर-बीदरच्या याच माळांवर वाढली. मारवेल, पवना, शेडा ही तिची गवते. फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास कापली तर ती सकस असतात. दिवाळीनंतर वाळलेल्या काड्यांत पोट भरण्यापलीकडे फारसे सत्त्व उरत नाही. अशा गवतासाठी विळा आहेच. त्याखेरीज लांब पट्टीवर दातेरी पाती मागेपुढे सरकत कात्रीप्रमाणे कापणारे यंत्र आहे. ते थोडक्या शक्तीत चालते आणि गवत अखंड, एका अंगाला निजवून ठेवते. मात्र दगडधोंड्याच्या रानात त्याचे दाते मोडतात. दोन फिरत्या पिंपांचे 'ड्रम मोअर' हेही वैरणीसाठीच बनविलेले. अखंड कापलेले गवत घरी आणून कडबाकुट्टीत बारीक करावे ही आपल्याकडील जुनी आणि शहाणपणाची रीत होय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात असताना, म्हणजे १९१० साली किर्लोस्करवाडी वसण्यापूर्वी, जी पहिली अवजारे घडविली त्यांत लोखंडी नांगराबरोबर कडबा कापण्याचे यंत्रही होते, हे येथे सहज आठवते.

मग स्लॅशर कशासाठी? तर गुरे चरून गेल्यावर मागे उरते त्यासाठी. गुरे गोड गवत खातात आणि तरोटा, घाणेरी, गाजरगवत, काटेरी झुडपे जशीच्या तशी सोडून देतात. दरवर्षी गोडाला दात आणि कडूला अभय मिळत गेल्यामुळे पाच-सात वर्षांत कुरणाचे रान होते. यावर उपाय म्हणून सरसकट वरून कापणी करतात. गवत आणि रुंद पानांचे तण यांच्या वाढण्यात एक मूलभूत भेद आहे. गवताचा वाढणारा कोंब जमिनीलगत दडलेला असतो व त्याचे पान बुडाकडून वाढते. म्हणून वरचा भाग कापला तरी ते पुन्हा फुटते. तरोट्यासारख्या वर्षायू तणाची वाढ शेंड्याकडून होते. शेंडा व फुलोरा गेल्यास त्याचा जोर खचतो आणि बी धरण्याचा त्याचा हंगाम चुकतो. कुसळी गवताचीही वेळ साधावी लागते. त्याची कुसळे पक्व झाली की मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातड्यात शिरतात.

गाजरगवताविषयी मात्र भाबड्या अपेक्षा ठेवू नयेत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेली ही विलायती वनस्पती आज आपल्या प्रत्येक रस्त्याच्या कडेला आहे. फुलण्यापूर्वी कापली तरी ती बुडखा राहिल्यास पुन्हा फुटते, आणि फुलल्यावर कापली तर आपणच तिचे बी पेरतो. कापताना तिचे परागकण व चुरा अंगावर उडून कित्येकांना खाज आणि श्वासाचा त्रास होतो. नाका-तोंडास फडके व अंगभर कपडे हवेतच. वेडी बाभूळ व घाणेरी हीदेखील बुंध्यातून फुटणारी. शिवाय बाभळीचे तिरके तुटलेले खुंट आणि काटे ट्रॅक्टरच्या चाकात शिरतात, तो खर्च निराळाच. ही झाडे मुळासकट खणून काढणे हाच खरा मार्ग.

आता मापाकडे येऊ. बहुतेक मंडळी फसतात ती येथेच. ट्रॅक्टरच्या तोंडावर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. पाती फिरविणारी शक्ती पी.टी.ओ.ची. मध्ये गळती होते. पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरातून दांड्यापर्यंत साधारणतः अकरा ते तेराच पोहोचते. हा आकडा ठरविण्यासाठी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टरांची परीक्षा घेते. तिच्या अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती स्वतंत्रपणे दिलेली असते, आणि तो अहवाल मागण्याचा संकोच करू नये. दाट गवत व झुडपांसाठी यंत्राच्या रुंदीच्या प्रत्येक फुटास पाच अश्वशक्ती आणि विरळ गवतासाठी तीन ते चार, असा ढोबळ हिशेब धरतात. त्यानुसार महिंद्राच्या युवराज २१५ सारख्या पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास साडेतीन फुटांहून मोठे यंत्र लावू नये, आणि दाट रानात तेही सावकाश चालवावे. व्ही.एस.टी.च्या साडेअठरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास चार फुटी यंत्र चालेल. पाच फुटी घ्यावयाचे तर पंचविसाच्या पुढचा ट्रॅक्टर हवा. शेजाऱ्याने पाच फुटी घेतले म्हणून आपणही घ्यावे हा मोह होतो. कारण किमतीत फारसे अंतर नसते आणि काम लवकर उरकेल असे वाटते. परंतु दमलेले इंजिन फेरे सोडते, फेरे गेले की पाती गवत तोडण्याऐवजी ते वाकवून पुढे जातात, आणि तेच रान दोनदा कापावे लागते.

चार फुटी यंत्र ताशी चार किलोमीटर वेगाने चालविल्यास, वळणे व एकावर एक येणारे पट्टे वजा जाता तासाला एक एकराच्या जवळपास काम होते. दहा एकरांचे कुरण म्हणजे दोन दिवसांचे काम. याहून घाई कशासाठी?

रुंदीची दुसरी एक मर्यादा आहे. यंत्र निदान मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांइतके तरी रुंद असावे; नाहीतर चाकाखाली दबलेले गवत न कापताच मागे राहते आणि दोन दिवसांनी उभे राहून आपल्याकडे पाहते. लहान ट्रॅक्टरांची चाके आतबाहेर सरकविता येतात. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी आपल्या चाकांचे अंतर फूटपट्टीने मोजून कागदावर लिहून न्यावे. जोडणीही पाहावी. तीन बिंदूंची ही जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे सर्व जगाने उचलली. लहान ट्रॅक्टरास पहिल्या वर्गाची, म्हणजे खालच्या बाजूस २२ मिलीमीटर जाडीच्या खिळींची जोडणी असते. मोठ्या ट्रॅक्टरासाठी बनविलेले यंत्र तीत नीट बसत नाही. यंत्र उचलल्यावर पुढची चाके हलकी होऊन सुकाणू सैल पडत असेल तर पुढे वजने लावावी लागतील.

यापुढचा मुद्दा विक्रेते क्वचितच सांगतात, म्हणून त्यावर अंमळ रेंगाळतो. फिरती पाती म्हणजे एक जड चक्रच. काही साध्या, एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला तरी पी.टी.ओ. आणि चाके एकमेकांशी जोडलेलीच राहतात. चालक क्लच दाबून थांबू पाहतो. पण पात्यांचा साठलेला वेग उलट दिशेने दांड्यातून चाकांत उतरतो आणि ट्रॅक्टर पुढे सरकतच राहतो. समोर विहीर वा बांध असला तर काय होईल ते सांगावयास नको. यावर उपाय स्वस्त आहे. 'ओव्हररनिंग कपलर' नावाचा एक लहानसा जोड दांड्यावर बसवितात. सायकल उतारावर असता पायटे थांबविली तरी चाक फिरतच राहते, ते ज्या फ्रीव्हीलमुळे, त्याच तत्त्वावर हा जोड चालतो. दुहेरी क्लचच्या किंवा स्वतंत्र पी.टी.ओ.च्या ट्रॅक्टरास त्याची गरज पडत नाही. आपला ट्रॅक्टर कोणत्या जातीचा, हे माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावे.

दगडाला पाते आपटल्यास तो धक्का कोठेतरी जिरला पाहिजे. स्वस्त यंत्रांत त्यासाठी एक मऊ बोल्ट असतो. धक्का बसताच तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचते. बोल्ट वारंवार तुटतो म्हणून त्या जागी कडक पोलादाचा बोल्ट ठोकणारे महाभाग आहेत. पुढच्या दगडाला त्यांची गिअरबॉक्स फुटते. महाग यंत्रांत बोल्टाऐवजी घसरता क्लच असतो. खडकाळ रानासाठी जास्तीचे पैसे तेथे घालणे योग्य. मात्र दरवर्षी हंगामापूर्वी तो एकदा सैल करून फिरवून पाहावा लागतो, नाहीतर गंजून घट्ट बसतो आणि असून नसल्यासारखा होतो. पाती तबकडीला घट्ट आवळलेली नसून दगड लागताच मागे वळतील अशी सैल असावीत, आणि ती तबकडी कढईसारखी खोलगट असावी, म्हणजे खुंटावरून यंत्र घसरून जाते.

आपल्या भागात तर जमिनीचे दोन स्वभाव आहेत. बीदरचा किल्ला ज्या पठाराच्या कडेवर उभा आहे ते जांभ्या दगडाचे. आमच्या कोकणपट्टीत याच जांभ्याचे चिरे काढून घरे बांधतात, म्हणून येथे प्रथम आलो तेव्हा ती तांबडी जमीन पाहून आम्हाला बरे वाटले होते. या मुरमाड माळावर पाऊस थांबताच दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घालता येतो, परंतु सुटे दगड पावलोपावली. मांजरेच्या खोऱ्यातील आणि कलबुर्गीकडील तुरीच्या मुलखातील काळ्या जमिनीत दगड कमी. पण ओल असेतो तेथे ट्रॅक्टर फिरविला तर चाके रुततात आणि जमीन दाबली जाऊन पुढे गवतच विरळ होते. तिथे उघडीप मिळून माती मुठीत दाबली असता चिकटेनाशी होईपर्यंत थांबलेच पाहिजे. माळ अतिशय दगडाळ असेल, किंवा रस्त्यालगत वा वस्तीलगत असेल, तर स्लॅशरऐवजी 'मल्चर' पाहावा. आडव्या रुळावर बसविलेल्या अनेक लहान हातोड्या गवताचा बारीक चुरा करतात आणि दगड फार दूर उडवीत नाहीत. तो महाग पडतो, त्याच रुंदीला अधिक शक्ती खातो आणि त्याच्या हातोड्या बदलण्याचा खर्च चालूच राहतो. तरी जवळपास माणसांची वर्दळ असेल तर आम्ही तोच पत्करू.

कारण स्लॅशरने उडविलेला दगड बंदुकीच्या गोळीप्रमाणे जातो. पेटीच्या पुढे व मागे लोंबत्या साखळ्यांचा पडदा असल्याखेरीज यंत्र घेऊ नये, आणि काम चालू असता शंभर मीटरच्या आत कोणी उभे राहू नये. विद्यार्थिमित्रांनो, हे विशेषतः तुमच्यासाठी आहे. वडिलांना वा काकांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यावयाचा असेल तर लांबूनच हाक द्या आणि पाती पूर्ण थांबल्यावर जवळ जा. चाकाच्या मडगार्डवर बसून माळावर चक्कर मारण्याची हौस तर या यंत्रामागे मुळीच नको. पी.टी.ओ.चा दांडा सेकंदाला नऊ फेरे घेतो. धोतराचा सोगा, पदर, ओढणी त्यात गुंतल्यास ओढून घेण्यास अवधीच मिळत नाही. त्या दांड्यावर प्लॅस्टिकचे आवरण येते. ते फुटले तर नवे बसवावे. 'त्यावाचूनही चालते' हे म्हणणे खरे असले तरी ऐकू नये.

कापण्याच्या आदल्या दिवशी रान एकदा पायी फिरून यावे. मोठे दगड, कुंपणाची सुटलेली तार, जुन्या विहिरीचा कठडा यांच्यावर खुणेच्या काठ्या रोवाव्यात. तार तर दांड्याभोवती गुंडाळली की काढता काढता दिवस जातो. बीदरच्या माळांवर काळविटांचे कळप आहेत, आणि माद्या पाडसांना उंच गवतात लपवून ठेवतात. पाडस यंत्राचा आवाज ऐकून पळत नाही, दबून बसते. म्हणून कडेपासून आत गोल गोल कापीत जाण्यापेक्षा मधून सुरुवात करून बाहेर यावे. म्हणजे ससे, तित्तिर यांना निसटावयास वाट राहते, आणि लपलेले पाडस आदल्या दिवशीच्या फेरीतच दिसण्याचा संभव असतो. कापणीची उंची तीन-चार इंच ठेवावी. त्याखाली गेल्यास गवताच्या बुडातील साठा जातो, पाती मातीला लागतात आणि उघड्या पडलेल्या जागी गाजरगवत प्रथम येते. वेग कमी करावयाचा तो खालचा गिअर घालून. इंजिनाचे फेरे उतरवून नव्हे.

शेवटी पैशाचे. वर्षाकाठी दोन-तीन दिवसांच्या कामासाठी यंत्र अंगणात गंजत ठेवणे कितपत परवडते, हे ज्याचे त्याने पाहावे. कर्नाटक सरकारच्या 'कृषी यंत्रधारे' योजनेखाली होबळीच्या ठिकाणी अवजारे भाड्याने देणारी केंद्रे निघाली आहेत. तेथे स्लॅशर वा मल्चर आहे का, याची चौकशी करावी. विकत घ्यावयाचे ठरले असले तरी प्रथम एक दिवस भाड्याने आणून आपल्याच ट्रॅक्टरमागे, आपल्याच रानात चालवून पाहणे उत्तम. इंजिन कण्हते का, चाकांच्या वाटेत गवत उभे राहते का, तुटलेल्या काडीचे टोक नीट आहे की पिंजलेले, हे तासाभरात कळते. पिंजलेले असल्यास पाती बोथट आहेत असे समजावे. आणि असे भाड्याचे यंत्र आपल्या रानात उतरविण्यापूर्वी, ट्रॅक्टर बंद करून व यंत्राखाली भक्कम ठोकळे देऊन, त्याची पेटी आतून खरवडून धुऊन घ्यावी. मागच्या गिऱ्हाइकाच्या गाजरगवताचे बी तिच्या कोपऱ्यांत हमखास चिकटलेले असते.